जुन्या वस्तऱ्याला धार बसत नाही? आधी त्याची पाठ बघा

हा प्रॉब्लेम इतक्या जणांकडून ऐकलाय की एकदा सगळं नीट लिहूनच काढतो. कुणीतरी जुना वस्तरा घेतं, पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतं किंवा ऑनलाइन मागवतं, टँगवर (पातं आणि मूठ यांच्यामधला जाड दांडा) सोलिंगेन नाहीतर शेफील्ड (वस्तऱ्यांसाठी नावाजलेली गावं, एक जर्मनीतलं, एक इंग्लंडमधलं) लिहिलेलं असतं, पातं चकचकीत असतं, मूठ धड असते, आणि घरी आणून दगडावर कितीही फिरवला तरी अर्धं पातं केस कापतं आणि अर्धं नुसतंच गालावरून घसरतं. किंवा धार बसते पण पहिल्याच दाढीत उतरते. मग माणूस दगड बदलतो, आठ हजार ग्रिटचा घेतो, बारा हजारचा घेतो (ग्रिटचा आकडा मोठा तेवढा दगड बारीक), चामोटं नवीन आणतो, पेस्ट मागवतो, रात्री जागून व्हिडिओ बघतो आणि शेवटी आपल्याला हे जमणार नाही म्हणून सगळं कपाटात टाकून देतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो आणि दगडाचाही नसतो. वस्तरा आधीच संपत आलेला असतो आणि घेताना ते कुणी बघितलेलंच नसतं.

घेताना सगळे धार बघतात. अंगठा फिरवतात, हातावरचे केस काढून बघतात. पण जुन्या वस्तऱ्यात धार ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट, कारण धार परत करता येते. पाठीवरून आणि पात्याच्या रुंदीतून गेलेलं पोलाद परत येत नाही. तेव्हा बघायचं ते हे, की किती पोलाद गेलंय आणि ते सगळीकडून सारखं गेलंय का.

आता पाठीचा आणि धारेचा संबंध काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. चाकूला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही, तो दगडावर सपाट आडवा ठेवायचा, तो दोन ठिकाणी टेकतो, एकीकडे पाठ आणि दुसरीकडे धार, आणि कोन किती हे पाठीची जाडी ठरवते. त्यामुळे दरवेळी धार लावताना धारेबरोबर पाठही थोडी झिजते. बनवणाऱ्याने हे गृहीतच धरलेलं असतं. चांगल्या वस्तऱ्यात धारेचा एकूण कोन साधारण १६ ते १७ अंशांच्या आसपास असतो, आणि पाठ आणि धार एकाच प्रमाणात झिजत गेल्या तर पातं अरुंद होतं पण कोन तोच राहतो. म्हणून नीट वापरलेला वस्तरा दोन-दोन पिढ्या चालतो. गडबड होते ती झीज कमीजास्त झाली की.

पाठीवरची पट्टी कशी वाचायची

वस्तरा उघडा, पाठ वर करा आणि उजेडात हळूहळू तिरका करत जा. पाठीच्या दोन्ही अंगांना एक सपाट चमकणारी पट्टी दिसेल, दगडावर घासून तयार झालेली. नवीन किंवा फार कमी वापरलेल्या वस्तऱ्यात ही पट्टी नसतेच किंवा अगदी रेघेएवढी असते. एक-दीड मिलिमीटरची, हीलपासून (पात्याचा टँगकडचा कोपरा) टोकापर्यंत एकसारखी, दोन्ही बाजूंना सारखी असेल तर मजेत घ्या. पाठ गोलसर असते त्यामुळे थोडंसं पोलाद गेलं तरी पट्टी बरीच रुंद दिसते, नुसती पट्टी आहे म्हणून घाबरून चांगला वस्तरा सोडू नका.

घाबरायचं कधी? पट्टी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल तेव्हा. किंवा मधेच फुगलेली असेल, म्हणजे टोकांना एक मिलिमीटर आणि मधे अडीच. किंवा उजव्या बाजूला रुंद आणि डाव्या बाजूला जवळजवळ नाहीच. हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा सुटतं, कारण लोक एकाच बाजूने बघतात, आणि विकणारापण चांगलीच बाजू वर करून मांडतो. एका बाजूला जास्त पट्टी याचा अर्थ एकतर कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला जोर दिलाय किंवा पातं किंचित वाकडं आहे. वाकडं आहे का हे कळायला पाठ डोळ्यासमोर धरून सळई सरळ आहे का बघतो तसं टँगकडून टोकाकडे नजर टाका. थोडा बाक जुन्या पात्यांत असतोच आणि त्यावर अरुंद दगडावर काम होतं, पण पहिला वस्तरा घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अपवाद. शेफील्डचे जुने जाडजूड वस्तरे, ज्यांना वेज म्हणतात, त्यांच्या बाजू जवळपास सपाट असतात, आतून कोरलेल्या नसतात. त्यात दगडाला पातं जास्त लागतं, त्यामुळे पाठीची पट्टीही रुंद दिसते आणि धारेचा बेव्हलही (धारेच्या कडेचा बारीक उतार) रुंद दिसतो. वेड अँड बुचर किंवा जोसेफ रॉजर्सचा (रॉजर्सवर तारा आणि माल्टीज क्रॉसचा शिक्का असतो) जुना वेज हातात आला आणि पट्टी तीन मिलिमीटर दिसली तर लगेच ठेवून देऊ नका, पट्टी एकसारखी आहे का तेवढं बघा. सोलिंगेनच्या फुल हॉलोला, म्हणजे बाजू खोल कोरून पातळ केलेल्या पात्याला, मात्र तीन मिलिमीटरची पट्टी म्हणजे त्याचं आयुष्य बरंचसं वापरून झालंय.

पाठीवर नक्षी असलेले वस्तरे येतात, खाचा किंवा दोरीसारखा पीळ कोरलेले. ते तपासायला सगळ्यात सोपे, नक्षी किती पुसली गेलीय ते बघितलं की झीज डोळ्याला दिसते. पात्यावर नाव किंवा चित्र एच केलेलं (रसायनाने कोरलेलं) असेल तर तेपण कामाला येतं, ते पात्याच्या साधारण मधोमध असतं, ते जर धारेच्या फारच जवळ आलेलं वाटलं तर मजकूर जागचा हललेला नाही, धारच वर सरकत आलीय.

व्हर्नियर लावा, अंदाज नको

डोळ्याचा अंदाज चुकतो, माप चुकत नाही. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाच्या घरी व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) असतोच, नसेल तर बोहरी आळीतून साधा डिजिटल आणा, वस्तऱ्यासाठी तेवढा पुरतो. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात, ५/८ म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९, ७/८ म्हणजे २२ च्या थोडं वर. पट्टी आहे तिथे पाठीची जाडी मोजा आणि मग त्या पट्टीपासून धारेपर्यंतची रुंदी मोजा. रुंदी मोजताना व्हर्नियरचा जबडा धारेवर दाबू नका, पात्याच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी टेकवून वाचलं तरी चालतं.

रुंदीला जाडीने भागा. उत्तर साडेतीनच्या आसपास आलं तर कोन १६ अंशांच्या थोडा वर, उत्तम. तीन आलं तर कोन १९ च्या वर गेलाय, धार बसेल पण दाढी ओढल्यासारखी होईल. चार आलं तर साडेचौदाच्या खाली, धार फार नाजूक होते, लवकर मोडते. कोन आणि आकडे यांची दिशा उलटी आहे एवढं लक्षात ठेवा, भागाकार वाढला की कोन कमी.

दोन उदाहरणं देतो. एक पातं १४ मिलिमीटर रुंद, पाठ ३.६. भागाकार ३.९ च्या जवळ, कोन १५ अंशांच्या किंचित खाली. हा वाचतो. इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळते ती साधी पीव्हीसी टेप पाठीवर एक थर लावून धार लावायची, टेपची जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून ०.३, कोन सोळावर येतो. टेप झिजली की बदलायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी लावायचीच. दुसरं पातं १२ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.८. भागाकार अडीच, कोन तेवीसच्या वर. हे बहुतेक वर्षानुवर्षं जाड टेप लावून किंवा पाठ उचलून घासलेलं असतं, धार गेली आणि पाठ तशीच राहिली. इथे पाठ मुद्दाम घासून पातळ करावी लागेल, आणि १२ मिलिमीटरला १६ अंशांच्या जवळ यायचं तर पाठ साडेतीनच्या आतबाहेर हवी, म्हणजे सव्वा मिलिमीटर पोलाद उडवायचं. माझ्या मते हा वस्तरा फुकट मिळाला तरच घ्या.

जाडी एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. हील, मध्य, टोक, तिन्ही ठिकाणी मोजा. काही वस्तरे मुळातच टोकाकडे किंचित निमुळते असतात, तिथे रुंदीपण त्याच हिशोबाने कमी असते, मग काही बिघडत नाही. जाडी खाली गेलीय आणि रुंदी तेवढीच आहे, किंवा उलटं, तर तिथे कोन बदललेला आहे आणि त्या भागात वेगळीच धार लागणार.

मधला भाग कापतच नाही

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. भाचा असाच एक सोलिंगेनचा घेऊन आला, म्हणाला, "मामा, बघ ना, दगडातच काहीतरी गडबड आहे, मधे लागतच नाही." म्हटलं, दगड राहू दे, मार्कर आण. काळ्या परमनंट मार्करने दोन्ही बाजूंच्या बेव्हलवर, म्हणजे धारेच्या अगदी कडेच्या त्या बारीक उतारावर, हीलपासून टोकापर्यंत शाई ओढली, पाठीच्या पट्टीवरपण ओढली, आणि हजारच्या ओल्या दगडावर अगदी हलके चार-पाच हात मारले. पुसून खिडकीशी नेला. हीलकडची शाई गेली, टोकाकडची गेली, आणि मधे बोटाच्या पेराएवढ्या भागात शाई जशीच्या तशी काळी. पाठीवरपण तेच, मधे काळी, दोन्हीकडे साफ. मग व्हिजिटिंग कार्डाची सरळ कड हलकेच धारेला टेकवून उजेडासमोर धरली तर मधून प्रकाश दिसत होता.

याला फ्राउन म्हणतात, धार मधे आत गेलेली. दगड सपाट, धार आत वळलेली, मग मधला भाग दगडाला लागणार कसा? कितीही महाग दगड घ्या, तो तिथे पोचणारच नाही. भाच्याच्या वस्तऱ्याची मापं अशी होती: हीलला रुंदी १५.४ आणि जाडी ४.६, मधे १४.६ आणि ४.१, टोकाला १५.३ आणि ४.५. आधीच्या कुणीतरी मधेच जोर देऊन घासला होता, धारही मधून गेली आणि पाठही मधूनच गेली.

असं पातं सरळ करता येतं पण त्याची किंमत पोलादात मोजावी लागते. लोक काय करतात तर धार दगडावर काटकोनात उभी धरून ओढतात, टोकं मधल्याच्या पातळीला येईपर्यंत, आणि झालं सरळ म्हणून खूश होतात. पण मग रुंदी सगळीकडे १४.६ झाली आणि पाठ मात्र हीलला ४.६ आणि मधे ४.१, म्हणजे हीलला कोन १८ अंश आणि मधे १६. म्हणून धार सरळ केल्यावर टेप न लावता, पाठ आणि धार दोन्ही एकत्र खरबरीत दगडावर घेऊन पाठही सरळ करावी लागते, मधेमधे मार्कर लावून, जोर न देता. अर्ध्या मिलिमीटरच्या आतला फ्राउन असेल तर हजारच्या दगडावर धीराने निघतो. एक मिलिमीटरच्या पुढे गेला तर घेऊच नका, काढता काढता पातं इतकं अरुंद होतं की फुल हॉलोची ती पातळ लवचिक कडाच संपते आणि धार जाड भागावर येऊन बसते.

धार बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल तर त्याला स्माइल म्हणतात आणि ती वेगळी गोष्ट आहे. पुष्कळ जुने वस्तरे मुळातच तसे बनवलेले असतात. पाठीलाही तसाच हलका बाक असेल तर तो मूळचा आकार समजा, दगडावर हात थोडा वळवत, तिरका ओढत नेला की धार पूर्ण लागते. स्माइलला घाबरून चांगले शेफील्ड सोडून देणारे लोक बघितलेत, जीव तुटतो.

हीलचा कोपरा

टँगजवळ जिथे पातं सुरू होतं तिथे फुल हॉलो वस्तऱ्यांना एक किंवा दोन उभे उंचवटे असतात, स्टॅबिलायझर. नवीन असताना स्टॅबिलायझर आणि धार यांत चांगलं अंतर असतं. पातं झिजत गेलं की धार वर सरकते आणि एक दिवस स्टॅबिलायझरच दगडाला टेकतो. टेकला की हीलचा भाग उचलला जातो, तिथली धार दगडाला लागत नाही, तो कोपरा न झिजता तसाच राहतो आणि पुढची धार झिजत जाते, मग हीलला एक आकडा तयार होतो. तो आकडा कानाजवळची त्वचा बरोबर कापतो.

घेताना एवढंच बघा, की स्टॅबिलायझरवर घासल्याच्या खुणा आहेत का आणि हीलचा कोपरा टोचरा होऊन खाली आलाय का. आकडा लहान असेल तर डायमंड प्लेटवर तो कोपरा घासून गोल करता येतो, पाणी लावत राहायचं, आणि धार स्टॅबिलायझरच्या थोडी पुढून सुरू होते, बाकी वस्तरा उत्तम चालतो. हे काम सोपं आहे आणि यामुळे कितीतरी वस्तरे वाचतात.

टोकाकडचं पण बघून घ्या. गोल टोकाचा वस्तरा असेल तर मूळची गोलाई धारेपर्यंत सलग उतरते. पातं बरंच झिजलं असेल तर गोलाई अर्ध्यातच तुटते आणि धारेला मिळते तिथे एक कोपरा दिसतो. पाठ आणि धार दोन्ही ठीक वाटत असताना सुद्धा हा कोपरा सांगून जातो की पातं एकेकाळी यापेक्षा रुंद होतं.

धार बसते पण टिकत नाही

इथे तीन कारणं असू शकतात. पहिलं, कोन फार कमी झालाय, ते वर सांगितलं. दुसरं गंज. लाल गंज वरवरचा असतो, तेलाने आणि बारीक सँडपेपरने जातो. काळे खोल ठिपके म्हणजे पोलाद आतून खाल्लेलं. ते पाठीजवळ, मधे, टँगवर असतील तर दिसायला वाईट एवढंच, पण धारेपासून दोन मिलिमीटरच्या आत असतील तर प्रत्येक वेळी धार लावताना धार त्या खड्ड्यात पोचते आणि तुकडा उडतो. सोनाराकडे किंवा घड्याळवाल्याकडे असतं तसं दहापटीचं भिंग खिशात ठेवा, त्याशिवाय हे दिसत नाही.

गंज कुठे आहे तेही बघा. पातं बंद केल्यावर जेवढा भाग मुठीच्या आत जातो बरोब्बर तेवढ्यावरच गंज आहे आणि मूठ जुन्या सेल्युलॉइडची आहे, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी किंवा हस्तिदंती दिसणारी, तर मूठच सडतेय. सेल्युलॉइड जुनं झालं की विघटन होतं आणि त्यातून आम्लधर्मी वाफ निघते, ती पात्याला खाते. नाकाशी धरलं तर कापरासारखा नाहीतर आंबट उग्र वास येतो. असा वस्तरा घेतला तर मूठ काढून बदलायची आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लगेच लांब ठेवायचा, कारण ती वाफ शेजारच्यालाही गंजवते.

तिसरं कारण पॉलिश. हे सगळ्यात फसवं. आजकाल विकायच्या आधी पातं बफिंग व्हीलवर धरून चकाचक करतात. कड इतकी पातळ असते की व्हीलवर क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं, मग धार बसते पण मऊ पडलेली असल्यामुळे टिकत नाही. धारेशी पिवळट किंवा निळसर छटा दिसली तर समजा तापलंय, पण अडचण अशी की पॉलिशने ती छटापण पुसली जाते. त्यामुळे दुसऱ्या खुणा बघायच्या. टँगवरची अक्षरं कडेने गुळगुळीत झालीत का, स्टॅबिलायझरच्या आणि खांद्याच्या कडा तीक्ष्ण आहेत की वितळल्यासारख्या गोल झाल्यात, पाठीवरची पट्टी गायब आहे का. शंभर वर्षांचा वस्तरा आणि पाठीवर पट्टीच नाही, वर अक्षरं पुसट, तर तो न वापरलेला नाही, त्याची झीज लपवलेली आहे. मी काळपट, डाग पडलेला पण कडा तीक्ष्ण असलेला वस्तरा अशा चकचकीत वस्तऱ्याच्या आधी उचलेन, कधीही.

चीर आणि आवाज

भेग असेल तर बाकी सगळं बघण्यात अर्थ नाही, म्हणून हे खरंतर पहिल्यांदा करा. मूठ सैल धरून पात्याच्या पाठीवर पेनाच्या प्लास्टिकच्या टोपणाने हलकंच टिचकून बघा. फुल हॉलो पातं छान किणकिणतं. आवाज बद्द आला तर भिंगाने धार इंच इंच तपासा, विशेषतः स्टॅबिलायझर संपतो तिथे आणि खोल गंजाच्या ठिपक्याजवळ, भेगा तिथूनच निघतात. रिबीट ढिली असली तरी आवाज बिघडतो, तेव्हा नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. वेजमध्ये तर हा आवाज येतच नाही. पण केसाएवढी जरी भेग दिसली, तरी तो वस्तरा चेहऱ्याला लावायचा नाही, कोणत्याही ब्रँडचा असो.

नाव आणि वय

वय आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टँगवर देशाचं नाव, म्हणजे जर्मनी किंवा इंग्लंड, असलं तर तो बहुधा १८९१ च्या नंतरचा, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव टाकणं बंधनकारक केलं आणि तिकडे माल पाठवणारे कारखानदार ते टाकायला लागले. ही माहिती छान आहे, पण तिने पातं किती उरलंय ते कळत नाही. कुणाच्या तरी पणजोबांच्या पेटीत पडून राहिलेला त्याच काळातला वस्तरा नव्यासारखा असू शकतो आणि १९५० नंतरचा पार संपलेला असू शकतो. त्यापेक्षा तो घरातला होता की दुकानातला हे विचारा. सलूनचा वस्तरा दिवसात कितीतरी दाढ्या करायचा, पुन्हापुन्हा दगडावर जायचा. आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे आले, त्यामुळे जुन्या धोकट्यांमधले वस्तरे बाजारात येतात, आणि त्यातले बरेचसे मनापासून वापरलेले असतात. अनुभवी हाताने घासलेले असल्यामुळे झीज एकसारखी असते, पण पातं ५/८ चं ४/८ झालेलं असतं. एकसारखं असेल आणि भागाकार साडेतीनच्या आसपास येत असेल तर अरुंद वस्तरापण खुशाल घ्या, नाकाखाली तो फार सोयीचा पडतो.

बाजारात आणि फोनवर

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना पाठीवरची पट्टी आणि बेव्हल जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुपारी डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. विकणाऱ्याशी नीट बोललं की माणसं वेळ देतात. "काका, जरा कडेला नेऊन बघू का?" विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. त्या काकांचं काम विकायचं आहे, पातं तपासायचं काम आपलं. माझा क्रम असा: टिचकी, दोन्ही बाजूंची पाठ, टोकाकडून आडवी नजर, कार्डाची कड, हील, भिंगाने धार, आणि हे सगळं पटलं तर व्हर्नियर. नाव सगळ्यात शेवटी वाचतो, कारण आधी वाचलं की मन तिकडे ओढतं आणि फ्राउन दिसत असून दिसत नाही.

आवडला म्हणून तिथेच अंगठ्याने धार बघत बसू नका आणि दुसऱ्यालाही बघू देऊ नका, गंजलेल्या धारेने कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला धावावं लागेल. घरी आणल्यावर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, टूथब्रशने रिबिटीजवळची घाण काढा, कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. पुण्याच्या पावसाळ्यात हे तेल न चुकता लावायचं, बाथरूममध्ये तर वस्तरा ठेवायचाच नाही.

ऑनलाइन घेत असाल तर फोटो मागताना मोघम मागू नका. हे चार फोटो मागा: उजव्या बाजूने पाठीचा जवळून, डाव्या बाजूने पाठीचा जवळून, टोकाकडून सरळ पात्याकडे बघणारा, आणि पांढऱ्या कागदावर आडवा ठेवून वरून काढलेला, ज्यात धारेची पूर्ण रेघ दिसेल. शेवटच्या फोटोवर मोबाइलच्या स्क्रीनवरच कागदाची कड टेकवून फ्राउन तपासता येतो, लेन्सच्या जवळून काढलेल्या फोटोत रेघ किंचित वाकते तेव्हा जरा लांबून झूम करून काढायला सांगा. आणि विकणाऱ्याकडे व्हर्नियर असेल तर हील, मध्य, टोक अशी तिन्ही ठिकाणची जाडी आणि रुंदी विचारा. नसेल तर पाठीच्या दोन फोटोंवरही बरंच कळतं. दुसऱ्या बाजूचा फोटो दोनदा मागूनही येत नसेल, तर तो वस्तरा सोडून पुढचा बघा.